पिलांची ऊब आणि मोकळी हवा

आपला अहमदनगर जिल्हा, ज्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर असें झालें, तो दुष्काळासाठीं जितका प्रसिद्ध आहे तितका थंडीसाठीं नाहीं. तथापि पारनेर, संगमनेर, अकोले या तालुक्यांतील उघड्या माळावर ज्यानें पौषांतील रात्र काढली आहे, त्यास या थंडीची ओळख करून द्यावयास नको. पहांटे पारा दहा अंशांखालीं उतरणें ही तेथें नवलाची गोष्ट नव्हे. अशा रात्रीं, घरापासून दूर शेतांत उभ्या असलेल्या कोंबड्यांच्या शेडमध्यें एक दिवसाचीं पिलें असतील, तर त्यांना ऊब कशी द्यावी, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

उबवणी केंद्रांतून खोक्यांत भरून आलेल्या पिलास आईचा पंख नसतो. तें काम गॅसच्या ब्रूडरनें, म्हणजे छत्रीखालीं जळणाऱ्या शेगडीनें करावयाचें असतें. पहिल्या आठवड्यांत पिलाच्या पाठीच्या उंचीवर सुमारें ३२ ते ३५ अंश सेल्सिअस उष्णता लागते. पुढें दर आठवड्यास ती सुमारें ३ अंशांनीं उतरवीत न्यावी. तापमापक जवळ असावाच. परंतु पिलेंही खरें तें सांगतात. शेगडीखालीं एकमेकांवर चढून गर्दी केली, तर त्यांना थंडी वाजत आहे. चोंची उघडून तीं दूर कडेस गेलीं, तर ताप अधिक झाला आहे. सर्वत्र सारखीं पसरून दाणा टिपूं लागलीं, म्हणजे ऊब बेताची आहे असें समजावें.

आतां माझी स्वतःची चूक सांगतों. शेड बांधल्यावर पहिल्याच हिवाळ्यांत आम्हीं दोन हजार पिलें आणिलीं. शेडच्या एका टोंकास प्लॅस्टिकचा कागद लावून, वरूनही झांकून, आम्हीं एक खोली केली आणि तींत ब्रूडर टांगले. तिसऱ्या रात्रीं वारा सुटला. ऊब बाहेर जाऊं नये आणि गॅसही वांचावा, म्हणून मीं बाहेरचे पडदे चारही बाजूंनीं बांधून टाकले आणि खोलीच्या फटींत पोतीं कोंबलीं. माझा मुलगा राखणीस आंतच निजला. पहांटे मी दार लोटलें, तेव्हां शेगडीची निळी ज्योत पिंवळी झालेली होती, शंभरावर पिलें मरून पडलीं होतीं, आणि मुलाला डोकें धरून उठवत नव्हतें. त्यास हात धरून बाहेर आणिलें. मोकळ्या हवेंत वांती होऊन, दवाखान्यांत नेल्यावर तो सांवरला. आणखी तासभर मला झोंप लागली असती तर काय झालें असतें, हा विचार आजही अंगावर कांटा आणतो.

तापमापक त्या वेळीं बरोबर ३३ अंश दाखवीत होता. ऊब पुरेशी होती. उणी होती ती हवा. एक किलो गॅस नीट जळण्यास सुमारें १२ घनमीटर हवा लागते. ती न मिळाली म्हणजे ज्वलन अपुरें होतें आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु निर्माण होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. आणि रक्तांतील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटीनें घट्ट चिकटतो. शिवाय एक किलो गॅस जळतांना सुमारें दीड किलो पाणी वाफेच्या रूपानें हवेंत मिसळतें. १९ किलोंचा एक सिलिंडर संपेपर्यंत हें पाणी ३० लिटरांच्या घरांत जातें. बंद शेडमध्यें तें भाताच्या तुसांत मुरतें, तूस कुजतें, आणि अमोनियाचा उग्र दर्प डोळ्यांत भरतो. त्या रात्रीं जगलेल्या पिलांपैकीं कांहींच्या पोटांत पुढें पाणी झालें व तीं दगावलीं.

थंड देशांत घरापासून अलग असलेल्या कामाच्या खोलींत गॅसची भट्टी बसवितात, तेव्हां तिचा धूर नळीनें बाहेर सोडतात. आपल्या ब्रूडरला तशी नळी नाहीं; म्हणून पडद्याची वरची फट हेंच आपलें धुराडें होय. पडदा खालून वर ओढण्याची सोय करावी व वर फूटभर जागा रात्रंदिवस मोकळी ठेवावी. गरम, ओली हवा वरून निघून जाते, आणि पिलांच्या अंगावर वारा येत नाहीं. गॅस थोडा अधिक जळेल. तो खर्च समजून करावा.

आणखी कांहीं गोष्टी. सिलिंडर शेडच्या बाहेर, सावलींत, उभा ठेवावा. हा गॅस हवेहून जड असल्यामुळें खोलगट जागीं साचतो. धंद्यासाठीं घरगुती सिलिंडर वापरूं नये. तें बेकायदेशीर आहे. सांधे साबणाच्या पाण्यानें तपासावे, काडी ओढून कधींही नव्हे. ब्रूडर सांखळीनें टांगावा, रबरी नळीवर त्याचा भार देऊं नये, आणि खालचें तूस ज्योतीपासून दूर राहील इतका तो उंच असावा. ज्योत पिंवळी दिसली कीं प्रथम पडदा उघडावा, मग ब्रूडर बंद करून साफ करावा. आणि राखणदाराची खाट, कितीही थंडी असो, शेडच्या बाहेर असावी.

पिलें गेलीं तर पुढच्या खेपेस भरून काढतां येतात. आमच्या शेडबाहेर आतां राखणदारासाठीं एक लहानशी खोली आहे, आणि पडदे बांधण्याचें काम माझा मुलगा मला करूं देत नाहीं. यंदा थंडी पडेल तेव्हां आपणही निजण्यापूर्वीं एकवार शेडकडे जावें आणि वरची फट उघडी आहे ना, एवढें पाहून यावें, ही विनंती करून मी आपली रजा घेतों.