निपचित पडलेला संगणक

पत्त्यांच्या जोडाएवढ्या हिरव्या पट्टीवर मांडलेला तो लहानसा संगणक मुलाच्या टेबलावर काल रात्रीपर्यंत सुरळीत चालत होता. आज वीज जोडली, तांबडा दिवा लागला. पण पडद्यावर अक्षर उमटेना आणि हिरवा दिवा लुकलुकेना. घरांतील मंडळींनीं निदान करून टाकलें, ‘गेला!’ ह्या अवस्थेला जाणकार लोक ‘ब्रिक’ होणें म्हणतात. म्हणजे यंत्राची वीट झाली. मात्र असल्या पुष्कळ विटा उगाच केराच्या टोपलींत जातात.

२०१९ च्या जूनमध्यें निघालेल्या रास्पबेरी पाय ४ ह्या बोर्डाचेंच उदाहरण घ्यावें. त्याच्या आधींच्या बोर्डांत यंत्र जागें करणारा आज्ञासंच एसडी कार्डावर असे. कार्ड बिघडलें तर दुसरें घालावें, इतकेंच काम. चौथ्या आवृत्तींत तो बोर्डावरील एका चिमुकल्या चिपेंत, ५१२ किलोबाइट जागेंत, नेण्यांत आला. सोय झाली, पण धोकाही तेथेंच शिरला. ह्या जातीच्या चिपेवर पाटीवरल्याप्रमाणें एकेक अक्षर खोडून लिहितां येत नाहीं. आधीं सबंध तुकडा कोरा करावा लागतो, मग त्यांत नवा मजकूर भरावा लागतो. तुकडा कोरा झाला आहे, लिहिणें व्हावयाचें आहे, आणि नेमकी त्याच क्षणीं वीज गेली, कीं जागें कसें व्हावें हेंच यंत्र विसरतें.

सुदैवानें मुख्य प्रोसेसरच्या पोटांत आणखी एक आज्ञासंच कारखान्यांतच कोरलेला असतो. तो कोणालाही पुसतां येत नाहीं. बोर्डाला वीज मिळतांच तो आधीं एसडी कार्डावर ‘रिकव्हरी’ नांवाची फाइल शोधतो आणि मगच चिपेकडे वळतो. हा क्रमच तारक ठरतो. तत्पूर्वीं एक परीक्षा करावी : कार्ड काढून नुसती वीज जोडावी. हिरवा दिवा ठराविक लयीनें लुकलुकला तर चिप धड आहे, दोष अन्यत्र शोधावा. नाहीं लुकलुकला, तर दुसऱ्या संगणकावर रास्पबेरी पाय इमेजर ह्या मोफत साधनानें बूटलोडर एका वेगळ्या कार्डावर उतरवावा. मुलाचें कार्ड ह्या कामीं मुळींच घेऊं नये. त्याची टिपणें, चित्रें सर्व पुसलीं जातील! नवें कार्ड घालून वीज जोडावी व दहा सेकंद तरी हात आवरावा. हिरवा दिवा भरभर, अखंड लुकलुकूं लागला आणि पडदा हिरवा झाला, कीं चिप पुन्हां लिहिली गेली. मग वीज काढून मुलाचें कार्ड परत बसवावें.

सर्वच बोर्डांना ही सोय नसते. तेथें आठ पायांच्या चिपेला चिमट्यानें धरून बाहेरून लिहावें लागतें. एखादा निरोगी रास्पबेरी पायच ह्या रोग्याचा वैद्य होऊं शकतो. त्याच्या पिनांना चिमट्याच्या तारा जोडाव्या आणि फ्लॅशरॉम हा प्रोग्राम चालवावा. घाई मात्र येथें घात करते. चिप ३.३ व्होल्टची कीं १.८ व्होल्टची, हें तिच्या पाठीवरील क्रमांकावरून आधीं ठरवावें. चुकीच्या दाबानें ती कायमची जळूं शकते. बोर्डाची स्वतःची वीज तोडलेली असावी. मग आहे तो मजकूर, बिघडलेला कां असेना, दोनदां वाचून दोन्ही प्रती ताडून पाहाव्या. कांहीं बोर्डांचा जाळ्यांतील पत्ता त्याच चिपेंत असतो, म्हणून ती प्रत जपून ठेवणें बरें. प्रती जुळल्या नाहींत तर चिमटा नीट बसलेला नाहीं असें समजावें, आणि तो बसेपर्यंत लिहिण्याचें नांव काढूं नये. लिहून झाल्यावर फ्लॅशरॉम स्वतःच मजकूर पडताळून पाहतो. ती पडताळणी पुरी होईपर्यंत चिमट्याला हात लावूं नये.