भिंतीआडचा जोड



श्रावणात मावसबहिणीचा फोन आला. "दादा, न्हाणीघराबाहेर दोन दिवस मासळीसारखा वास येतोय. आमच्याकडे तर श्रावण पाळतात!" मी म्हटलं, आधी मेन स्विच बंद कर आणि मी येईपर्यंत गिझर लावू नकोस. बटणाचं, सॉकेटचं प्लॅस्टिक आतून करपायला लागलं की असा वास येतो. तो नाकाला ओळखीचा करून घ्या, म्हणून हे आधी सांगतोय.

गिझरचा बोर्ड उघडला. वायर कमी पडली म्हणून कुणीतरी हातभर तुकडा जोडला होता. दोन तारांना पीळ दिला, वर काळी टेप गुंडाळली आणि सगळं बोर्डामागे कोंबून दिलं. टेपचा गोंद वितळून ओघळला होता. तांबं काळं पडलं होतं आणि आवरण बोटाने दाबताच करपलेल्या पापडासारखं मोडत होतं.

मेहुण्यांनी विचारलं, "एमसीबी आहे ना, मग ती का पडली नाही?" हा प्रश्न मला घरोघरी विचारतात. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास करंट घेतो. एमसीबी १६ अँपिअरची, त्याहून जास्त करंट वाहिल्याशिवाय ती पडत नाही, म्हणजे तिच्या लेखी सगळं ठीकच चाललेलं असतं. पण ढिल्या जोडात नुसता अर्धा ओहम अडथळा आला, तरी त्या एका ठिकाणी ३६ वॅटच्या आसपास उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाग द्यायची आयर्न २५ वॅटची असते आणि ती शिसं-कथील वितळवते. तसली आयर्न भिंतीत रोज चालू ठेवल्यासारखं हे झालं. साध्या पीव्हीसी आवरणाला कायमची ७० अंशांपर्यंतचीच उष्णता सोसते. तार तापते, निवते, पुन्हा तापते, तसा पीळ आणखी सैल होत जातो. शॉक लागू नये म्हणून बसवतात ती आरसीसीबीही इथे गप्प राहते, कारण वीज जमिनीकडे गळतच नसते.

म्हणून जोड नुसत्या पिळावर सोडू नये. तो कनेक्टरमध्येच करावा, पितळी स्क्रूखाली घट्ट दाबून. आवरण कनेक्टरला लागेल तेवढंच सोलावं आणि एकही बारीक तार तुटू देऊ नये. बसायला जागा नाही म्हणून चार तारा छाटणारे हात मी पाहिले आहेत. तिथेच पुढच्या आगीची सुरुवात होते. स्क्रू आवळला की प्रत्येक तार ओढून पाहावी. बाहेर उघडं तांबं दिसता कामा नये. आणि हे सगळं झाकणाच्या जंक्शन बॉक्समध्ये असावं, गिलाव्याखाली गाडलेलं नव्हे. जुन्या घरांत अॅल्युमिनियमच्या तारा अजून सापडतात. त्यांना तांब्याची तार थेट पिळू नका. दमट हवेत तो जोड गंजतो. त्यासाठी दोन्ही धातूंना चालणारा कनेक्टर लागतो.

हे काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. पण तो करत असताना जवळ उभे राहा. मेन बंद केल्यावरही इन्व्हर्टरची लाइन जिवंत असू शकते, ती बंद केली का, ते विचारा. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून पाहिला का, हेही विचारा. बिघडलेला टेस्टर पेटत नाही आणि माणूस बेफिकीर होऊन तारेला हात घालतो.

बहिणीकडे आम्ही तो जोडच काढून टाकला. मेनबोर्डापासून सॉकेटपर्यंत नवी, अखंड तार ओढली, सॉकेटही बदललं. मग वीस मिनिटं गिझर चालवला आणि बोर्डाच्या झाकणावर उलटा हात ठेवून पाहिला. झाकण गार होतं.