गंजिफा: शिकणारे हात, खेळणारे हात



तळवलीच्या या स्नेहसंमेलनाला तुम्ही मला बोलावलंत, मुलांच्या हाती बक्षिसं देण्याचा मान दिलात, याबद्दल मी आपली मनापासून आभारी आहे. पारितोषिक मिळालेल्या सगळ्यांचं अभिनंदन. कार्यक्रमाआधी सरांनी मला तळमजल्यावरचं चित्रकला प्रदर्शन दाखवलं. तिथे वारली चित्रं होती, संकल्पचित्रं होती, एकवीरा आईच्या पालखीचं एक मोठं चित्र होतं. पालखीमागे चालणाऱ्या बायकांच्या लुगड्यांचे काठ कुणीतरी अगदी बारीक रेषेनं, कंटाळा न करता पूर्ण केले आहेत. ते चित्र काढणाऱ्या मुलाशी किंवा मुलीशी मला आज बोलायचं आहे, आणि त्या निमित्तानं तुम्हा सगळ्यांशीच.

मी लघुचित्रं काढते. लघुचित्र म्हटलं की राजस्थान, कांगडा, मुघल दरबार आठवतो. पण आपल्या महाराष्ट्रातही ही परंपरा होती आणि तिची एक शाखा आजही जिवंत आहे. ती सावंतवाडीत आहे आणि तिचं नाव गंजिफा. तुमच्यातल्या काही जणांचं गाव सिंधुदुर्गात असेल. गणपतीला, शिमग्याला तिकडे जाताना सावंतवाडीचा मोती तलाव पाहिला असेल. त्या तलावासमोरच्या राजवाड्यात बसून कलाकार आजही ही पानं रंगवतात.

हे पाहा, असं एक पान मी सोबत आणलं आहे. मागच्या रांगेतून ते दिसायचं नाही, कारण ते तळहातावर मावेल एवढंच आहे आणि गोल आहे. कार्यक्रम संपला की सगळ्यांनी जवळ येऊन बघा. यावर मत्स्यावतार आहे. गंजिफा म्हणजे हातानं रंगवलेले खेळायचे पत्ते. दशावतारी गंजिफेत १२० पानं असतात. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा गट आणि प्रत्येक गटात बारा पानं: एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. राजाच्या पानावर खुद्द अवतार असतो. आकड्यांच्या पानांवर त्याची खूण असते. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. दश्शीच्या पानावर त्या एवढ्याशा वर्तुळात दहा मासे बसवायचे असतात, सगळे एकसारखे आणि एकमेकांना न चिकटणारे.

खेळ तिघांचा. प्रत्येकाला चाळीस पानं. दिवसा खेळ सुरू होतो तो रामाच्या राजानं आणि रात्री कृष्णाच्या राजानं. दहापैकी पाच गटांत आकड्यांचा मान उलटा असतो, म्हणजे तिथे एक्का भारी आणि दश्शी हलकी. कुठली पानं पडून गेली, कुठली कुणाच्या हातात उरली, हे सगळं डोक्यात ठेवावं लागतं. प्रत्येक गटाच्या पार्श्वभूमीचा रंग वेगळा असतो. तो शोभेसाठी तर आहेच, पण खेळणाऱ्याला नजर टाकताच गट ओळखू यावा, हेही त्याचं काम. म्हणजे या चित्रात सौंदर्य आणि उपयोग एकाच कुंचल्यानं उतरले आहेत.

हा खेळ आला कुठून? बाबरानं १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. अबुल फझलनं ‘आईन-ए-अकबरी’त या खेळाचं वर्णन केलं आहे. दरबारातून तो देशभर पसरला आणि जिथे गेला तिथलं रूप त्यानं घेतलं. बंगालमध्ये विष्णुपूरला, ओडिशात, म्हैसूरला त्याच्या वेगवेगळ्या शैली घडल्या. सावंतवाडीत तो अठराव्या शतकात, धर्मचर्चेसाठी दरबारी आलेल्या तेलंगी ब्राह्मणांबरोबर आला, असं तिकडे सांगतात. तिथल्या चितारींनी त्याला कोकणचा रंग दिला. श्रीमंतांसाठी बारीक, नाजूक कामाचं दरबारी कलम आणि सर्वसामान्यांसाठी मोजक्या रेषांचं बाजार कलम. राजवाड्यात जो खेळ चालायचा, तोच साध्या घरातही चालायचा.

पान तयार करणं हेसुद्धा मोठं काम. कापडाचे नाहीतर कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीनं एकावर एक चिकटवायचे. ते वाळले की त्यावर खडूचा लेप द्यायचा, गुळगुळीत दगडानं घोटून तो तुळतुळीत करायचा, गोल कापायचं, मग रंगवायचं आणि शेवटी लाखेचा थर चढवायचा. असं एकदा नव्हे, एका संचासाठी १२० वेळा.

मग छापील पत्ते आले. बावन्न पानं, स्वस्त, फाटली तर दुसरी आणता येणारी. लोक तेच खेळू लागले. गंजिफा कुणी बंद पाडली नाही, तिच्यावर कुणी बंदी घातली नाही. खेळणारे कमी झाले, म्हणून विकत घेणारे कमी झाले, म्हणून चितारींनी मुलांना हे काम शिकवणं सोडलं आणि ते लाकडी खेळण्यांकडे, दुसऱ्या उद्योगांकडे वळले. विद्यार्थी मित्रांनो, ही साखळी नीट लक्षात घ्या. कुठलीही हस्तकला बहुतेक वेळा याच क्रमानं विझते.

१९७०च्या सुमारास सावंतवाडीत हे काम जाणणारे अगदी मोजके कारागीर उरले होते. पुंडलिक चितारी हे त्यांतले एक वृद्ध कारागीर. तेव्हा सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी काय केलं? जुने संच जमवून काचेच्या कपाटात ठेवणं त्यांना सहज शक्य होतं. त्यांनी पुंडलिक चितारींकडून ही कला स्वतः शिकून घेतली. ज्या घराण्याच्या आश्रयावर पिढ्यान्‌पिढ्या चितारी जगले, त्या घराण्यातली माणसं चितारींची शिष्य झाली. मग त्यांनी राजवाड्यात कार्यशाळा उभी केली, गावातल्या मुलामुलींना शिकवलं, केलेल्या कामाला गिऱ्हाईक शोधलं. सत्त्वशीलादेवी २०१८ साली गेल्या, तोवर त्या या कामात होत्या. २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या मानाच्या मुळाशी एका म्हाताऱ्या कारागिराचं शिकवणं आणि एका राणीचं शिकणं आहे.

आता दुसरं उदाहरण सांगते. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ नावाची एक हस्तलिखित पोथी आहे. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, हुसेन निजामशहाच्या स्तुतीचं हे काव्य आफताबी नावाच्या कवीनं १५६५च्या राक्षसतागडीच्या लढाईनंतर लिहिलं. त्यातली बारा चित्रं आज शिल्लक आहेत. दख्खनी लघुचित्रांचा हा अगदी सुरुवातीचा ठेवा मानला जातो. मंडळानं तो सांभाळला, म्हणून आपण त्यांचे ऋणी आहोत. पण त्या चित्रांतली झाडं कशी काढायची, ते रंग कोणत्या क्रमानं लावायचे, हे गुरूकडून शिकलेला एकही माणूस आज अहिल्यानगरात नाही. पोथी राहिली, हात राहिला नाही. सावंतवाडीत हात राहिला. मला सांगायचं ते एवढंच आहे: शैली टिकते ती दोन माणसांमुळे. एक ती शिकणारा आणि दुसरा ती वापरणारा. दोघांतला एक गेला की दुसरा फार काळ तग धरत नाही.

शिकायचं म्हणजे काय, तेही सांगते. इथे नववी-दहावीतली बरीच मुलं एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसली असतील. तिथे मोठा कागद असतो आणि ठरलेल्या वेळात काम संपवायचं असतं. लघुचित्रात उलट आहे. जागा इवलीशी आणि वेळ लागेल तेवढा. माझ्या गुरूंनी मला सुरुवातीला बरेच दिवस फक्त किनार काढायला लावली. वर्तुळाच्या कडेनं कुंचला फिरवायचा आणि रेष कुठेही जाड-बारीक होऊ द्यायची नाही. रेष ओढताना श्वाससुद्धा आवरावा लागतो. मग सपाट रंग, मग वस्त्रं, मग दागिने आणि सगळ्यात शेवटी डोळे. चौकोनी कागदावर देव कसाही उभा राहतो. गोल पानात त्याचे गुडघे, कोपर, मुकुट हे सगळं वर्तुळाशी जुळवून घ्यावं लागतं. ही जुळणी मागच्या पिढ्यांनी शेकडो पानं रंगवून शोधली आहे. ती पुस्तकात सापडत नाही. शेजारी बसून, गुरूच्या मनगटाकडे बघत शिकावी लागते.

परंपरा जपायची म्हणजे काहीच बदलायचं नाही का, असा प्रश्न तुम्हाला पडेल. साधनं बदलतात, बदलायलाच हवीत. लघुचित्रकार पूर्वी हिंगूळ, हरताळ, नीळ, काजळी डिंकात कालवून वापरत. हरताळ विषारी आहे, आज तो शाळेत आणायची गरज नाही. मुंगसाच्या केसांच्या कुंचल्यांवर कायद्यानं बंदी आहे आणि ती योग्यच आहे. चांगला कृत्रिम केसांचा बारीक कुंचला तेच काम करतो. पण रेषेची शिस्त, वर्तुळातली मांडणी, प्रत्येक गटाचा रंग आणि खूण, हे सोडलं तर उरतं ते नुसतं गोल चित्र. काय बदलायचं आणि काय धरून ठेवायचं, हे फक्त शिकलेल्या माणसालाच कळतं. म्हणून आधी शिकायचं.

तळवलीत उभं राहून हे बोलताना मला तुमच्या गावठाणाची आठवण ठेवायलाच हवी. तळवली, घणसोली, गोठिवली ही आगरी-कोळ्यांची जुनी गावं. इथे भातखाचरं होती, मिठागरं होती. मग कारखाने आले, सिडकोचं शहर आलं. जमीन गेली तरी इथल्या लग्नात धवले म्हणणारी धवलारीण अजून आहे. तिला किती धवले पाठ आहेत, ते तिच्याकडून कोण शिकतंय, हा प्रश्न गंजिफेच्या प्रश्नापेक्षा वेगळा नाही. मोबाइलवर तिचा आवाज जरूर भरून ठेवा. पण तुमच्यातल्या चारजणी तिच्या शेजारी बसून ते म्हणायला शिकल्या, तर त्याची सर कुठल्याही ध्वनिमुद्रणाला येणार नाही.

आता जाता जाता एक मागणं मागते. पाहुणी म्हणून मागते, नाही म्हणू नका. पुढच्या वर्षी या शाळेनं एक दशावतारी संच तयार करावा. दहा गट करा, प्रत्येक गटात बारा मुलं, प्रत्येकाला एक पान. जाड पुठ्ठा, साधे जलरंग आणि बारीक कुंचला एवढं पुरे. मुलांनी आपल्या अवताराची कथा आजीआजोबांना विचारावी, खूण नीट पाहावी आणि मगच रंग लावावा. पहिली किनार कशी ओढायची, हे शिकवायला मी स्वतः येईन. संच पूर्ण झाला की तो चौकटीत घालून भिंतीवर टांगू नका. मधल्या सुट्टीत त्याच्याशी खेळा. पानं झिजली तर झिजू देत, नवी रंगवू.

पालकांनाही एक विनंती आहे. कोकणात जाल तेव्हा वाट थोडी वाकडी करा आणि सावंतवाडीच्या कलाकारांचं काम मुलांना दाखवा. जमलं तर त्यांच्याकडून एखादं पान योग्य किंमत देऊन, घासाघीस न करता विकत घ्या. त्या पैशानं उद्याचा एक शिकणारा त्या कामात टिकून राहील.

आणि पालखीचं चित्र काढणाऱ्या माझ्या मित्रा किंवा मैत्रिणी, कार्यक्रम संपल्यावर मला भेट. मत्स्याचं पान तुझ्यापासून सुरू करू.