दीक्षेनंतरचे अध्ययन

छत्रपती संभाजीनगर १९७७ पासून एका कॅथलिक धर्मप्रांताचे, म्हणजेच बिशपांच्या अखत्यारीतील क्षेत्राचे, केंद्र आहे. तेथील धर्मगुरूंचे शिक्षण दीक्षाविधीने संपत नाही. १९८३ च्या चर्चसंहितेचे २७९ वे कलम त्यांना ईश्वरविद्येचे, म्हणजे श्रद्धेच्या विवेकनिष्ठ चिंतनाचे, अध्ययन पुढेही चालू ठेवण्यास सांगते, तर २७६ वे कलम दररोजच्या ठरावीक वेळांचा स्तोत्रपाठ आणि एकांतसाधना, म्हणजे नित्याची कामे बाजूला ठेवून केलेले मौनचिंतन, हे त्यांचे कर्तव्य मानते. आजाऱ्याच्या उशाशी बसून करायच्या प्रार्थनेला बळ मिळते ते खरे तर येथूनच. म्हणून एकांतसाधनेसाठी गेलेला धर्मगुरू रजेवर आहे, असे भाविकांनी समजू नये.