हजेरीपुस्तकात नाही, ती संग्रहालयात कशी येणार?

(बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



थोड्याच दिवसांत तुम्ही कोयता घेऊन बाहेर पडाल. अशा वेळी मी मुंबईच्या बंद गिरणीबद्दल बोलते आहे, याचे नवल वाटेल. पण त्या गिरणीचा तुमच्या फडाशी संबंध आहे.

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ व ३ च्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालय करायचे महापालिकेने ठरवले. जुन्या इमारती जपायच्या, आवारात फिरून लोकांनी गिरणी पाहायची. कल्पना चांगली आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. पुढे कितीतरी गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर आणि मॉल उभे राहिले. निदान एक गिरणी तरी कामगारांच्या आठवणीसाठी राहायलाच हवी. पण माझा प्रश्न असा, की त्या आवारात बाई कुठे दिसणार?

१९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती. वाइंडिंग आणि रिळिंग खात्यांत सूत गुंडाळणे हे त्यांचे काम. मजुरी कामाच्या मापावर, देखरेखीला नायकीण. बायकांना रात्रपाळीची बंदी होती. १९२९ मध्ये बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, पुढे नवी यंत्रे आली. मालकांना बाई परवडेनाशी झाली आणि हळूहळू ती खात्यांतून गेली. उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर यांनी या बायकांना संघटित केले होते, हेही आज किती जणांना ठाऊक आहे?

गिरणीच्या फाटकाबाहेर खानावळवाल्या होत्या. गावाहून एकट्या आलेल्या कामगारांना त्या दोन वेळ जेवू घालत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये त्यांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. गिरणीच्या हजेरीपुस्तकात त्यांचे नाव कधीच नव्हते. पण त्यांच्या भाकरीशिवाय साचा चालला नसता.

जपानमध्ये तोमिओका येथे १८७२ ची रेशीम गिरणी आहे. ती १९८७ ला बंद पडली, पण जपली गेली आणि २०१४ मध्ये जागतिक वारसा ठरली. तिथे तरुण मुली काम करत. त्यांतल्या वादा एइ हिने आपल्या आठवणी लिहून ठेवल्या, म्हणून त्या मुलींचे जगणे आज कळते.

आता आपल्याकडे या. उद्या एखाद्या जुन्या साखर कारखान्याचे संग्रहालय झाले तर तिथे चिमणी असेल, गव्हाण असेल, संस्थापकांचा पुतळा तर असेलच. तुम्ही असाल का? नवराबायको मिळून एक कोयता धरतात. उचल पुरुषाच्या हाती, मुकादमाच्या वहीत नाव त्याचे. मोळी बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेणारी बाई त्या वहीत नाही. २०१९ मध्ये सरकारी समितीपुढे बीडमधल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी आली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली होती. साखरेची ही किंमत कोणत्या दालनात मांडणार?

म्हणून माझे सांगणे तीन गोष्टींचे. मुकादमाच्या वहीत आपले नाव वेगळे लिहायला लावा. मजुरी आपल्या हातात मागा. आणि थोरल्या बायांच्या आठवणी, कोप, फड, बाळंतपण, सगळे आजच टेप करून, लिहून ठेवा. लिहिता येणाऱ्या मुली आता घराघरांत आहेत, त्यांना हे काम द्या.

संग्रहालय करणारे उद्या आले, तर पुरावा आपल्या हातात असला पाहिजे.