कैरवानच्या मशिदीतले खांब
(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेले भाषण)



मी ट्युनिसियाला जाऊन आलो हे कळल्यावर एका पालकांनी मला विचारले, "कैरवानची मशीद पाहिलीत, फार चांगले झाले. पण रोमन लोकांचे पडके वाडे आणि देवळे कशाला पाहत फिरलात? ती आपली थोडीच?" प्रश्न सरळ मनाने विचारला होता. मला मात्र त्या वेळी उत्तर सुचले नाही.

हा देश महाराष्ट्राच्या जवळपास निम्मा आहे. उत्तरेला डोंगर आणि गव्हाची शेते, मध्ये मैलोगणती जैतुनाच्या बागा आणि दक्षिणेला मिठाचे कोरडे सरोवर ओलांडले की सहारा. माणसे अगत्यशील. पुदिन्याचा चहा नको म्हटले तर त्यांना वाईट वाटते, म्हणून मी किती प्यालो ते विचारू नका!

अल्-जम या लहानशा गावात घरांच्या वर डोके काढून एक अजस्र रोमन रंगमंडल उभे आहे. तिसऱ्या शतकातले. सुमारे ३५,००० प्रेक्षक बसतील एवढे. तिथे माणसांच्या आणि श्वापदांच्या झुंजी होत. तो खेळ मला आवडणारा नाही. पण त्या कमानींखाली उभे राहिल्यावर मान आपोआप वर जाते.

त्याहून मला भावला तो जलमार्ग. झगवान डोंगरातले पाणी कार्थेज शहरापर्यंत, सुमारे १३० किलोमीटर, रोमनांनी दुसऱ्या शतकात आणले. पुढे तो मोडकळीस आला. तेराव्या शतकात हफ्सी सुलतान अल्-मुस्तन्सिर याने त्याची दुरुस्ती करून पाणी ट्युनिसकडे आणवले. पाणी कोणाच्या धर्माचे, हे त्याने विचारले नाही. मला आपल्याकडच्या मलिक अंबरच्या नहरीची आठवण झाली.

विद्यार्थी मित्रांनो, याच ट्युनिसमध्ये १३३२ साली इब्न खल्दून जन्मला. त्याच्या 'मुकद्दमा' या ग्रंथात कार्थेजच्या या जलमार्गाचा उल्लेख आहे. पूर्वीची माणसे राक्षसासारखी धिप्पाड होती, म्हणून त्यांना एवढे बांधता आले, अशी लोकांची समजूत होती. इब्न खल्दूनने ती खोडून काढली. माणसे आपल्याएवढीच होती. राज्य बलाढ्य होते, हजारो हात एकत्र आणता येत होते आणि ओझी उचलण्याची यंत्रे होती, असे त्याचे म्हणणे. पडक्या भिंती पाहून तो असा विचार करीत बसला, म्हणून तर आज जगभर त्याचे नाव घेतात.

आता कैरवान. इ. स. ६७० मध्ये उकबा बिन नाफे यांनी वसवलेले शहर. मशिदीचे अंगण मधोमध किंचित उतरते. पावसाचे पाणी संगमरवरी जाळीतून गाळून खालच्या टाक्यात जाते. आत चारशेहून अधिक खांब आहेत. ते मोजणारा आंधळा होतो अशी जुनी समजूत, म्हणून मी मोजले नाहीत. पण नीट पाहिले. एक पांढरा, एक गुलाबी, एक करडा. वरची नक्षी प्रत्येकाची निराळी. उंची जुळवण्यासाठी कुठे खाली दगड सरकवलेला. का? कारण त्यांतले बहुतेक खांब जुन्या रोमन आणि बायझंटाइन इमारतींतून आणलेले आहेत. त्यांच्या रांगांमध्ये बाराशे वर्षे नमाज होते आहे. आणि शेजारचे नवव्या शतकातले मिंबर सागवानी आहे. तो साग हिंदुस्थानातून गेला.

प्रश्न विचारणारे ते पालक आज समोरच बसले आहेत. खांबांचे फोटो मी बरोबर आणले आहेत. चहाच्या वेळी त्यांना दाखवीन.