कान बंद करता येत नाहीत तेव्हा

शिरपुरातली लग्नसराई डोळ्यांसमोर आणा. बाहेर खानदेशी ऊन, दारात डीजे, मागच्या अंगणात तेलात पडलेल्या मिरचीचा ठसका. सगळे नाचताहेत आणि घरातला एखादा कर्ता माणूस मात्र गच्चीवर जाऊन एकटाच उभा आहे. त्याला आपण लगेच ‘माणूसघाणा’ म्हणून मोकळे होतो. हे मला फार लागतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ इलेन ॲरन यांनी १९९६ साली अशा अतिसंवेदनशील स्वभावावर पुस्तक लिहिलं. पुढच्याच वर्षी पती आर्थर यांच्यासह त्यांनी तो मोजण्यासाठी २७ प्रश्नांची मोजपट्टी मांडली. आवाज, उजेड, वास, टोचणारं कापड अशा गोष्टींची अशा माणसांचा मेंदू अधिक खोलवर दखल घेतो, म्हणून ती लवकर थकतात. हा आजार नाही. पण त्रास अचानक सुरू झाला असेल, किंवा डोकं दुखत असेल, कानात आवाज येत असेल, तर डॉक्टरांना दाखवाच.

आपल्याकडे ‘हळवा’ हा शब्द आहे, पण तो मनापुरता. कानाच्या, त्वचेच्या हळवेपणाला शब्द नसल्यामुळे माणूस वर्षानुवर्षं स्वतःलाच दोष देत राहतो.

मंडपात अशा माणसांना स्पीकरपासून लांबची खुर्ची द्या. कानात कापसापेक्षा इअरप्लग बरे. आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला २००० सालच्या नियमांनुसार बंदी आहे. सवलत मिळते ती मोजक्या दिवशी, तीही मध्यरात्रीपर्यंतच. गच्चीवरच्या त्या माणसाला पाणी नेऊन द्या. ‘चल ना खाली’ एवढं मात्र लगेच म्हणू नका.